बाकाशेजारची जागा

आधीच सांगून ठेवतो, आमच्या रेल्वेला खेळणं म्हणायचं न्हाय. राग येतो मला. एस.टी.च्या वर्कशॉपात हयात गेली माझी. रिटायर झाल्यावर येरमाळ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडात जी रेल्वे उभी केली, ती इंच न् इंच मापात हाय. जुनी बार्शी लाईट, म्हणजे आमच्याकडची ती छोटी लाईन, तिचं येडशीचं स्टेशन आन् पुढचा रामलिंगाचा घाट. घाट एस.टी.च्या फाटक्या सीटांच्या फोमचा हाय, पण सांगितल्याशिवाय कळायचं न्हाय कुणाला.

ह्या नादाची मूठभर माणसं बार्शी-लातूरकडं हायत, त्यांचं आमचं मंडळ. रामहरी सर त्याचे अध्यक्ष. त्यांचे वडील त्या छोट्या लाईनीवर गार्ड होते, त्यांची पितळी शिट्टी सरांनी जपून ठेवलीय. मंडळाचा रिवाज असा की ज्याच्या घरी जमायचं, त्याच्या रेल्वेत सगळ्यात नामी काय ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ती वस्तू ज्यानं हातानं केली त्यानं शिट्टी वाजवायची, आन् मगच गाडी हलायची. पुढच्या बैठकीपर्यंत शिट्टी त्याच्याच घरी. मागच्या खेपेला लातूरच्या कृष्णराजनं वाजवली, त्याच्या पुलासाठी. बँकेत हाय तो. वाजवताना गाल असे फुगवले की मला तिथंच चीड आली. पुढची शिट्टी माझी, असं मी मनात ठरवूनच टाकलं.

पण माझ्याकडं मंडळ यायचं म्हणजे शेड नको का धड? निम्म्यात शेरडं बांधलेली, निम्म्यात रेल्वे. रविवारी मंडळ येणार म्हणून सोमवारीच शेरडं बाहेर लिंबाखाली काढली. पत्र्याची भोकं बुजवली, पत्र्याखाली थर्माकोल ठोकला. उन्हानं शेड तापलं की रूळ फुगून वाकडे होतात, डबे कोलमडतात. थर्माकोलच्या खाली वाढदिवसाचे जुने फ्लेक्स ताणून बसवले. उलटी बाजू पांढरी असती, ती खाली करायची. एक तेवढा घाईत सुलटा बसला आन् गाडीच्या वर एक साहेब हात जोडून उभे राहिले. दैवशाला, म्हणजे आमची बायको, हसून हसून खाली बसली. "राहू द्या की. त्येंचाबी आशीर्वाद लागंल."

"तुला काय कळतं त्यातलं," मी खेकसलो. माझी जीभच तसली. तिला त्याची सवय झालीय, असं मला वाटायचं.

बुधवारी ती चहा घेऊन शेडात आली. गाडी येडशीला थांबली होती. तिनं वाकून फलाट बघितला.

"अवो, गाडी कुणासाठी थांबती हितं? माणूस न्हाय, काणूस न्हाय."

माणसं मला जमत न्हायत. इंजिन उघडून परत जोडीन, पण माणसाचं नाक-डोळं माझ्या बोटांतून उतरत न्हाय.

दुपारी तिनं वायरीचे तुकडे मागितले. संध्याकाळी बघतो तर चार बाया लुगडं नेसून गाठोडं घेऊन हजर! मी फुटपट्टी लावली. "डब्यापेक्षा उंच हायत. मापात न्हाय बसत." तिनं सगळ्या उसवल्या आन् दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढ्या करून आणल्या. पदराला काठसुद्धा होता. एक हमाल केला, एक पोर कडेवर घेतलेली बाई केली. मेंढरं केली खऱ्या लोकरीची. तिचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, त्यात तिचा हात कोण धरणार?

शुक्रवारी तिनं ट्रंक उघडली. तिच्या बापाची, धुळाप्पांची, घोंगडी होती तिच्यात. त्यांचं तेवढंच एक मागं राहिलंय. त्या घोंगडीचा कोपरा तिनं कातरला. मी बघतच राहिलो, कारण त्या घोंगडीला ती कुणाला हात लावू देत न्हाय. त्यातनं तिनं म्हातारा केला. फेटा, खांद्यावर घोंगडी, पुढ्यात लोकरीचं गाठोडं. मी त्याला फलाटावरच्या बाकावर बसवायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"तिथं न्हाय. बाकाच्या शेजारी, खाली. आबा लोकर घेऊन बार्शीला जायचे येडशीवरनं. मी असायची संगं. बाक मोकळा असला तरी खालीच बसायचे. म्हणायचे, आपल्या अंगाला मेंढरांचा वास हाय, कुणी उठून जायला नको."

तिनंच गोंद लावला आन् तिनंच त्याला बसवलं. मग कितीतरी वेळ बघत राहिली.

रविवारी सकाळी मंडळ जीपनं आलं. रामहरी सर शेडात शिरले आन् साहेबांचा फ्लेक्स बघून आधी खदाखदा हसले. मग घाट बघितला, त्यातला मी कोरलेला बोगदा बघितला. मी वाट बघत होतो बोगद्याचं कोण काय बोलतंय म्हणून. पण सगळे फलाटापाशी जाऊन थबकले.

"आई शप्पथ," कृष्णराज म्हणाला. "ही माणसं! बाजारात पैसे टाकून मिळायची न्हाईत. कुणी केली?"

दैवशाला दाराशी पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. एक शब्द म्हणायचा होता मला. हिनं. बस्स, तेवढाच.

"आपणच. बसलो रिकामा, केली," मी म्हणलो.

कसं निघालं तोंडातनं, देव जाणे. कृष्णराजनं परत दिलेली शिट्टी सरांच्या खिशातनं डोकावत होती, मला तीच दिसत होती. सरांनी पाठ थोपटली. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाय. ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

कृष्णराज आणखी वाकला. "लिंबाजीराव, हा म्हातारा लई भारी हो. पण बाक मोकळा आन् हा खाली का बसलाय? कोण हाय हा?"

माझे सासरे म्हणलं असतं तर सगळे तिच्याकडं वळले असते. वहिनी, तुमचे वडील का, कसे होते, असं विचारलं असतं आन् माझं बिंग तिथंच फुटलं असतं.

"कोण न्हाय," मी म्हणलो. "असंच. आलं डोक्यात."

सगळ्यांनी एकमतानं फलाटावरची माणसं निवडली. सरांनी शिट्टी माझ्या हातात दिली. मी वाजवली. टाळ्या पडल्या, गाडी सुटली, कृष्णराजनं व्हिडिओ काढला. ज्या गोष्टीसाठी आठवडाभर जिवाचं रान केलं ती मिळाली, आन् तोंडात पितळेची कडू चव तेवढी राहिली. मंडळी जेवली, तिनं आग्रह करकरून वाढलं, आन् जीप गेली.

मी शेडात आलो तर ती फलाटापाशी होती. ब्लेडच्या टोकानं म्हाताऱ्याखालचा गोंद सोडवत होती. लोकर तुटू नये म्हणून श्वास धरून.

"दैवशाला..."

"माणसं तुमी केली म्हणलात, म्हणा. शाबासकी काय, घरातच राहिली," ती मान वर न करता म्हणाली. "पण आबाला कोण न्हाय म्हणलात. असंच म्हणलात."

चिडून अंगावर आली असती तर बरं झालं असतं, मी पण आवाज चढवला असता, त्यात निभावून गेलं असतं. तिचा आवाज अगदी साधा होता. मी खिशातनं शिट्टी काढून तिच्यापुढं धरली.

"घे. तू वाजव. तुझीच हाय."

"कुणापुढं वाजवू? शेरडांपुढं?"

म्हातारा सुटला. तिनं तो कमरेच्या पिशवीत ठेवला आन् पिशवीची नाडी ओढली.

मी तिथंच तिच्यासमोर रामहरी सरांना फोन लावला. मंडळी हायवेवरच्या हॉटेलात चहाला थांबली होती. म्हणलं, सर, मी खोटं बोललो. माणसं माझी न्हायत, दैवशालानं केली. तो म्हातारा तिचा बाप. पलीकडं कपबश्यांचा आवाज येत होता.

"मग गाडी चुकीच्या शिट्टीवर सुटली की हो," सर म्हणाले. "आमी माघारी येतो."

आले. मला वाटलं होतं कुणीतरी दोन शब्द सुनावील, कृष्णराज तरी टोमणा मारील. पण सगळे नुसते माझ्याकडं बघायचं टाळत होते, आन् ते लई जड गेलं. मी सगळ्यांपुढं परत एकदा सांगितलं. सगळं. घोंगडीचंसुद्धा. कान तापले होते माझे. सर तिच्यापुढं हात जोडून म्हणाले, "वहिनी, माफ करा. आमीबी तुमाला विचारलं न्हाय."

तिनं पदर खोचला आन् शिट्टी घेतली. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा अशी खणखणीत वाजली की लिंबाखाली शेरडं उठून उभी राहिली. सगळे हसले, तीबी हसली. मी गाडी सोडली. टाळ्या मघापेक्षा जास्त पडल्या.

"पण वहिनी, आबा कुठायत?" कृष्णराजनं विचारलं. "बसवा की त्यांना."

"न्हाय," ती म्हणाली. "ते न्हाय बसायचे हितं आता."

तिचा हात कमरेच्या पिशवीवर होता. मी मान खाली घालून गाडी फिरवत राहिलो. गाडी घाट चढली, बोगद्यातनं निघाली, येडशीला आली. आठवडाभराची सवय, मी ती बरोब्बर बाकापाशी थांबवली. बाकाच्या शेजारी गोंदाचा वाळका डाग होता.

"कुणासाठी थांबवलीत?" दैवशाला म्हणाली. "जाऊ द्या की."