पट्टीवरचे डोळे

भुंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला अख्खी गल्ली भुंगा म्हणते, तेव्हा त्यामागे त्याची स्वतःची मेहनत असते. कानाशी जाऊन गुणगुणायचं, डंख न मारता छळायचं आणि समोरचा हात उगारेपर्यंत पसार व्हायचं, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. लोकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर आणायचे, त्यांत पुन्हा धुगधुगी आणायची आणि विकायचे.

त्याचं दुकान म्हणजे थोरल्या भावाच्या, दादाच्या कारखान्यातला एक कोपरा, मध्ये फळ्या ठोकून वेगळा केलेला. कारखाना हा शब्दही तसा मोठाच झाला. एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेले पितळी पत्रे, फळीवर ओळीने करंडक, आणि मधोमध कोरायचं यंत्र. दादा दारांवरच्या पाट्या करायचा आणि खेळांच्या करंडकांवर नावं कोरायचा. अक्षरं आधी कॉम्प्युटरवर मांडायची, मग यंत्राची सुई ती पत्र्यावर उतरवायची.

कॉम्प्युटर भुंग्यानेच दिलेला, आणि तोही म्हातारा. मोठी सिस्टिम घातली की धापा टाकायचा, म्हणून भुंग्याने त्यात हलकंसं लिनक्स घातलं होतं. मेनू, घड्याळ, उघडलेली कामं ज्या पट्टीवर असतात ना, ती यात उचलून कुठेही ठेवता येते. पॅनेल म्हणतात तिला. दादा पट्टीच म्हणायचा. पडद्याची खालची कड यंत्राच्या झाकणाआड जायची, म्हणून भुंग्याने ती डाव्या कडेला उभी करून दिली होती. वर्षानुवर्षं ती तिथेच.

म्हणजे, भुंग्याचे हात शिवशिवले की नसायचीही. एकदा त्याने पट्टीला लपंडाव खेळायला शिकवलं. एकदा अख्ख्या पडद्याचा फोटो काढला, तोच मागे चिकटवला आणि खरी पट्टी दडवली. दादा सकाळभर चित्रावर टिचक्या मारत बसला होता. पण दादाही काही कमी नव्हता. त्याने चांगल्या जाड पितळेवर, झोकदार अक्षरांत, 'गाढव आत आहे, जोरात हाक मारा' अशी पाटी कोरली आणि भुंग्याच्या फळीला बाहेरून ठोकली. गिऱ्हाइकं ओरडत आणि हसत का येतात, हे भुंग्याला कळायला बरेच दिवस लागले. कळल्यावरही त्याने ती काढली नाही. पाटी झकास होती.

मग एका सकाळी दादाच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला आणि मागोमाग दादाही खाली आला. मेंदूत गुठळी. दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून निभावलं. बोलणं स्वच्छ राहिलं, पाय चालू लागले, डावा हात तेवढा सुस्त. वहिनीने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. डावा हात उठत नाही म्हणून सगळं उजवीकडे आणलं. ताट उजवीकडे सरकवून, पाणी उजवीकडे, चष्मा उजवीकडे, आणि तिची स्वतःची खुर्चीही उजवीकडे. घरात सारं सुरळीत चाललं.

कारखान्यात मात्र नाही. दादा पहिल्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, हा रिकामा आहे. भुंग्याने वाकून बघितलं, तर पट्टी जागच्या जागी. त्याने बोट दाखवलं, दादाने मान डोलावली, आणि भुंगा वळताच पुन्हा हात मांडीवर. पुढे एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या करंडकावर 'उपविजेता' कोरायचं होतं. भुंग्याने मजकूर पडद्यावर काढून दिला, तर दादाने तो खडखडीत 'विजेता' असा वाचला आणि वर त्या माणसालाच सुनावलं, की तुम्ही भलतंच लिहून आणलंत. माणूस भांडला असता तर परवडलं असतं. तो समजूतदारपणे हसला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी दादा वहिनीला म्हणाला की माझं डोकं गेलंय, आता हा धंदा ओढू नका. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. मग डोळे पुसून तिने दुसऱ्या एका पाटीवाल्याला निरोप धाडला, यंत्र घेऊन जा म्हणून. भुंग्याला तिने वेगळं बजावलं होतं की भावजी, आता थट्टा नको, ते गोंधळतात. भुंग्याने शब्द पाळला. गल्लीत लोक भुंग्याचीच तब्येत विचारू लागले.

ठरल्या दिवशी पाटीवाला जेवणानंतर यायचा होता. वहिनी सकाळपासून करंडक कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती. दादा शेवटचं म्हणून पडद्यासमोर बसला होता, आणि भुंगा कारण नसताना स्क्रू ड्रायव्हर पुसत होता.

"भुंग्या," दादा पडद्याकडेच बघत म्हणाला, "हल्ली तू काही करत नाहीस."

"काय करू?"

"काहीही. तूसुद्धा माझ्याशी नीट वागायला लागलास, तेव्हा मी समजलो, आपलं आटपलं."

भुंग्याने तोच स्क्रू ड्रायव्हर पुन्हा पुसायला घेतला. तेवढ्यात दादा मोरीकडे जायला उठला, वहिनी सोबत गेली. पडदा समोर मोकळा. भुंग्याने एकदा दाराकडे बघितलं आणि वहिनीला दिलेला शब्द खिशात घातला. यंत्र जायचंच असेल तर जाऊ दे, पण दादाने जाता जाता एक कचकचीत शिवी तरी द्यावी.

पट्टीवर उजवी टिचकी, प्रेफरन्सेस, 'लॉक पॅनेल'ची खूण काढली. टोकाला धरून पट्टी ओढत नेली आणि पार समोरच्या, उजव्या कडेला उभी केली. मग ती फुगवली, चांगली वीतभर लठ्ठ. वरपासून खालपर्यंत लालभडक रंग. त्यावर चार-पाच घड्याळं. आणि सगळ्यांत वर डोळे, म्हणजे दोन गोल चित्रातले डोळे, जे माउसचा बाण जाईल तिकडे टकामका बघतात. ते लावताना तो स्वतःशीच फिदीफिदी हसला, कितीतरी दिवसांनी.

दादा येऊन बसला. वहिनी पुन्हा कागदाकडे वळली. भुंगा फळीआड, एक डोळा फटीला लावून.

"हा काय भिकार चाळा आहे?" दादाचा आवाज चढला. "एवढी घड्याळं? तुझ्या बापाला इतके वाजले होते कधी एकदम? आणि हे कुणाचे डोळे, तुझे?"

बडबडत बडबडतच त्याचा उजवा हात चालू झाला. मेनू उघडला. अक्षरं मांडायचा प्रोग्रॅम उघडला. अर्धवट राहिलेली एका दवाखान्याची पाटी उघडली. जिभेवर भुंग्याचा उद्धार, आणि बोटांना जन्माची सवय.

वहिनीच्या हातातला कागद फरफर वाजायचा थांबला. तिने भुंग्याकडे रागाने बघितलं. भुंगा हसायच्या तयारीत होता, पण हसू ओठांवरच राहिलं. ज्या माणसाला पट्टी बोट दाखवूनही सापडत नव्हती, त्याला ती आता बसल्या क्षणी सापडली होती. लाल होती म्हणून असेल, लठ्ठ होती म्हणून असेल. पण भुंग्याची आयुष्यभराची कमाई एकच होती. समोरच्याची नजर कुठे जात नाही हे त्याला कळायचं, कारण खोडी तिथेच लपवावी लागते. आणि आत्ता तो दादाच्या नजरेकडे बघत होता.

तो पुढे आला, माउस हातात घेतला. पट्टी कुठवर दिसते ते सांगत राहा, असं दादाला म्हणाला आणि ती उजवीकडून डावीकडे हळूहळू ओढू लागला. दिसतेय, दिसतेय, दिसतेय. पडद्याची मध्यरेषा ओलांडली.

"गेली," दादा म्हणाला. "कुठे टाकलीस?"

पट्टी तिथेच होती. लालभडक, घड्याळांसकट, वर डोळे वटारून.

भुंग्याने मग अगदी शेवटचा उपाय केला. तो दादाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्याने माकडतोंड केलं. हे माकडतोंड दोघे भाऊ चड्डीत होते तेव्हापासूनचं. ते केलं की दादा टपली मारणारच, लग्नाच्या मांडवातसुद्धा मारली होती. भुंग्याने गाल ओढले, जीभ काढली, नाक वर केलं. दादा शांतपणे समोर बघत होता. तशीच जीभ बाहेर ठेवून भुंगा खुर्चीमागून वळला आणि उजव्या बाजूला आला.

खाडकन टपली बसली.

वहिनी करंडकांच्या खोक्यावरच बसली. "म्हणजे डोकं..."

"डोकं ठणठणीत आहे, वहिनी," भुंगा टाळू चोळत म्हणाला. "डावी बाजू तेवढी गायब आहे. आणि तुम्ही सगळं उजवीकडे मांडत राहिलात, म्हणून कुणाला कळलंच नाही."

वहिनी हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. दादा या दोघांकडे बघत, म्हणजे जो दिसत होता त्याच्याकडे बघत, विचारत राहिला की झालंय काय. भुंग्याने समजावलं. मग दादाने मान सावकाश डावीकडे वळवली, पार खांद्यापर्यंत, आणि पडद्याच्या त्या बाजूला पट्टी दिसली. "अरे," तो एवढंच म्हणाला. छातीतली हवा अशी सुटली, की जणू ती त्या चहाच्या कपापासून कोंडून ठेवली होती.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी चार प्रश्न विचारून दुसऱ्याच दिवशी बोलावलं, आणि तपासून तेच सांगितलं. अशा आजारात समोरचं अर्धं दृश्य हरवू शकतं, आणि जे दिसतच नाही ते हरवलंय हे माणसाला कळत नाही, म्हणून विचारलं तरी तो सगळं ठीकच सांगतो. सवयीने बरंच सुधारेल. डाव्या कडेला भडक खूण ठेवा, ती दिसेपर्यंत नजर न्यायची. आणि घरच्यांनी डावीकडून बोलायचं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी ठरल्या वेळी पाटीवाला टेम्पो घेऊन दारात आला. वहिनी पुढे होऊन माफी मागू लागली, तर दादाच खुर्चीतून बोलला, की यंत्र काही जायचं नाही, तुमची फेरी फुकट गेली खरी. हवं तर हा भाऊ न्या. चालू स्थितीत आहे, आवाज फार करतो. पाटीवाल्याने भुंग्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, नको म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

वहिनीने खोकी रिकामी केली. एकेक करंडक पुसून पुन्हा फळीवर चढला. शेवटी तिने आपली खुर्ची उचलली आणि दादाच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली.

डॉक्टरांकडून आल्यावर भुंग्याने कामाची पट्टी पुन्हा उजवीकडे नेली, फक्त घड्याळं एकावर आणली. डाव्या कडेला दुसरी पट्टी उभी केली, रिकामी, बारीक, लाल. केवळ नजर जाऊन टेकायला. दादाने 'उपविजेता'चा मजकूर पुन्हा उघडला. नजर लालपर्यंत नेली, तिथून परत आणली. गिऱ्हाईक बरोबर होतं, हे त्याने कबूल केलं आणि फोन करून तसं सांगितलंही. डोळे काढू का, असं भुंग्याने विचारलं. दादा म्हणाला, राहू दे, तू जवळपास नसलास की तेवढीच सोबत.

पुढच्याच आठवड्यात भुंग्याने सकाळी आपला कॉम्प्युटर चालू केला, तर खालची पट्टी गायब. वर बघितलं, नाही. उजवीकडे, नाही. राइट क्लिक करावी तर कशावर? गिऱ्हाईक समोर उभं, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला स्वतःचा मेनू सापडेना. तो खाली वाकून वायरी तपासायला लागला.

फळीपलीकडे पितळ घासायचा आवाज थांबला.

"डावीकडे बघ, भुंग्या," दादा म्हणाला. "माणसाने डावीकडेही बघावं."

डाव्या कडेला, सुतासारखी बारीक, पडद्याच्या रंगातच मिसळलेली पट्टी होती. तिच्यावर मेनू नव्हता, घड्याळ नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसते डोळेच डोळे, चिमुकले, आणि सगळे भुंग्याच्या बाणाकडे टकामका बघत होते.

भुंग्याने बाण वर नेला, खाली नेला. डोळे वर गेले, खाली आले. पलीकडून दादाचं खोकत खोकत हसणं येत होतं, त्यात वहिनीचंही मिसळलेलं. भुंग्याने गिऱ्हाइकाला स्टूल दिलं, जरा थांबा म्हणाला, आणि खुर्चीत रेलून पोटभर हसून घेतलं.