आळण

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एका माणसापुरतं सूप करायला सांगणं म्हणजे त्याची थट्टाच. पण उस्तादांवर ती वेळ आली. उस्ताद हे नाव त्यांना कॅन्टीनमधल्या हाताखालच्या लोकांनी दिलेलं. निवृत्तीनंतर ते घरीही चिकटलं, आणि लेक लाडात आली की तीसुद्धा बाबा न म्हणता उस्तादच म्हणायची. घरी बसून आता काय करायचं म्हणून ते भिंतींशी ओळख वाढवत होते, तेवढ्यात बायकोच्या रक्तात साखर सापडली. उस्तादांना काळजी वाटलीच, पण आत कुठेतरी थोडा आनंदही झाला. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. हाताला काम मिळालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. पाव, भात, बटाटा, साखर, बिस्किटं, फळांचे रस हे सगळं बंद, फार तर नावापुरतं. अंडी, मासे, चिकन, पालेभाज्या, फ्लॉवर, दही हे पोटभर. मग त्यांनी आवाज थोडा खाली आणून सांगितलं, की डोळ्यांच्या पडद्यावर बारीक ठिपके दिसू लागलेत. साखर आत्ताच आटोक्यात आली तर डोळे शाबूत राहतील. नाहीतर पुढचं सांगता येत नाही.

बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. हातानं काजं करावीत तर तिनेच, असं दुकानाची मालकीण गिऱ्हाइकांना सांगायची. हल्ली दुपारनंतर तिला सुईचं नेढं दोन-दोन दिसायचं. दवाखान्याच्या जिन्यात ती एवढंच म्हणाली, की डोळे गेले तर मी दिवसभर काय करू. उस्तादांनी छातीवर हात मारला.

"तू फक्त जेव. बाकी सगळं माझ्यावर सोड."

आणि ते कामाला लागले. सुरुवातीला अंदाज काही जमेना. हात मोठ्या पातेल्यांचा, त्यामुळे मीठ नेहमी जास्त पडायचं आणि भाजी तीन दिवस पुरायची. मग हळूहळू त्यांनी हात आवरता घेतला. छोटी कढई आणली, छोटी पळी आणली. बटाट्याऐवजी फ्लॉवर उकडून लोण्यात घोटायला शिकले. खिम्याचे गोळे, तव्यावरचा मासा, फुगलेलं ऑम्लेट, पालकाचं सूप. सकाळी डबा भरून द्यायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा उघडून तळाशी काही उरलंय का ते बघायचे. काही उरलेलं नसायचं. बायको म्हणायची, दुकानातल्या बाया माझ्या डब्याचा हेवा करतात. उस्ताद वरवर हं म्हणायचे, पण त्या दिवशी भांडी घासताना शीळ घालायचे.

कॅन्टीनमध्ये उस्तादांचा एक कायदा होता. वाटीचा तळ दिसेल असं सूप खिडकीतून बाहेर जाता कामा नये. असं सूप म्हणजे खाणाऱ्याचा अपमान आणि करणाऱ्याची बेअब्रू. तिथे शेगडीच्या उजव्या हाताला मैद्याचा डबा आणि पाण्याची बादली कायम असायची. घरीही त्यांनी तीच मांडणी ठेवली होती, फक्त डब्याच्या जागी काचेची बरणी आणि बादलीच्या जागी पेला. इतक्या वर्षांची सवय, ती काही निवृत्त होत नाही.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर साखर उतरायच्या ऐवजी चढली होती. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. जेवणात काय काय असतं ते त्यांनी उस्तादांना विचारलं. उस्तादांनी परीक्षेला बसल्यासारखं घडाघडा सांगितलं, अगदी मिरपुडीपर्यंत. बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, हे उत्तम आहे, यात काही चुकत नाही. मग त्यांनी बायकोकडे वळून हळूच विचारलं, की बाहेर कुठे खाणं होतं का. ती नाही म्हणाली. बाई म्हणाल्या, संकोच करू नका, बहुतेकांचं होतं. ती पुन्हा नाही म्हणाली, आणि दुसऱ्या वेळचं ते नाही पहिल्यापेक्षा बारीक आलं.

उस्तादांच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या हातचं खाऊन साखर वाढते म्हणजे काय? दुकानात कुणा ना कुणाचा केक कापला जातो, टेबलावर बिस्किटांचा डबा उघडाच असतो, हे त्यांना ठाऊक होतं. रविवारी लेक आली. तिने आईचं कपाट उघडून साड्यांच्या घड्यांमध्ये हात घालून पाहिलं, प्रेमानंच पाहिलं, पण पाहिलं. काही सापडलं नाही. आई पलंगाच्या कडेला बसून लेकीनं विसकटलेल्या घड्या पुन्हा घालत होती. मग उस्ताद म्हणाले,

"पर्स दाखव."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या पर्सला कधी हात लावला नव्हता. तिने चाप उघडून पर्स पुढे केली. आत दोऱ्याची रिळं होती, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान होतं, चष्म्याचं घर होतं आणि कागदात गुंडाळलेली एक लिमलेटची गोळी होती. ती म्हणाली, चक्कर आलीच तर जवळ असू द्या, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. ते खरंही होतं, उस्तादांनी स्वतः ऐकलं होतं. तरी त्यांनी गोळी काढून घेतली आणि मसाल्याच्या कप्प्यात टाकली. लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या दिवसापासून एक नवीनच रीत पडली. बायको दुकानातून आली की हातपाय धुवायच्या आधी पर्स टेबलावर ठेवायची, चाप उघडायची आणि त्यांच्याकडे सरकवायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. उस्ताद आत एक नजर टाकून मान हलवायचे, कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी हलवायचा तशी. मग ती आत जायची.

साखर मात्र हटेना. आता उस्तादांनी घरातच चोर शोधायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं, की मैद्याची बरणी फार लवकर उतरतेय. घरात पाव भाजला जात नाही, केक होत नाही, मग मैदा जातो कुठे? आपण सकाळी फिरायला जातो तेव्हा ही बाई तव्यावर काहीतरी घालून खात असणार, असा त्यांनी तर्क लढवला. तर्क त्यांना फार आवडला. दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेलेच नाहीत. बायको डबा घेऊन गेली, दार लागलं, तसं त्यांनी बरणी हलवून सपाट केली आणि काचेवर पेन्सिलीनं रेघ मारली. आता बघू, म्हणाले.

मग दुपारभर संध्याकाळच्या तयारीला लागले. पालकाचं सूप केलं, खिम्याचे गोळे वळले, मासा मसाला लावून ठेवला. ओटा पुसताना सहज बरणीकडे लक्ष गेलं. मैदा रेघेच्या चांगला बोटभर खाली होता.

घरात ते एकटे होते. बायको सकाळपासून दुकानात होती. उस्ताद बरणीकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांची टोकं पांढरी होती.

सुपाला आळण, म्हणजे पाण्यात कालवलेला मैदा. खिम्याचे गोळे फुटू नयेत म्हणून मूठभर. मासा तव्याला चिकटू नये म्हणून वरून भुरभुरलेला. ऑम्लेट फुगावं म्हणून चमचाभर, फ्लॉवर पाणचट लागू नये म्हणून दोन चमचे. आणि हे खाणं मुळातच पथ्याचं, किरकोळ दिसतं, म्हणून हात नेहमीपेक्षा सैलच. डॉक्टरीणबाईंना त्यांनी मिरपूड सांगितली होती, आळण सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, ते सुचलंच नव्हतं. आळण हा त्यांच्या लेखी जिन्नसच नव्हता. पाणी घातलं हे कुणी सांगतं का, तसं.

आपण तिला दिवसातून तीन वेळा मैदा भरवत होतो आणि वर तिची झडती घेत होतो. उस्तादांना इतकी शरम वाटली, की ते स्वयंपाकघरातच स्टुलावर बसले. घरात कुणी नसताना त्यांनी तोंड फडक्यात लपवलं.

संध्याकाळी आल्याबरोबर सांगायचं, असं त्यांनी पक्कं केलं. दोन वाक्यांचं काम होतं. बायको आली. तिने पर्स टेबलावर ठेवली, चाप उघडला, पर्स सरकवली. उस्तादांनी तोंड उघडलं. आणि मग आत एक नजर टाकून मान हलवली.

आता काय बोलायचं? आधी मनाशी म्हणाले, जेवण झाल्यावर सांगू. मग म्हणाले, रविवारी लेक आली की दोघींना एकदमच सांगू. मग लेकीसमोर तर नकोच, असं ठरलं. मनानं सवलत मागायची आणि त्यांनी ती द्यायची, असं चाललं होतं. बरणी त्यांनी माळ्यावर टाकली. सूप पातळ झालं, गोळे फुटू लागले, मासा तव्यातच राहायचा. बायकोनं एकदा विचारलं, हल्ली वाटीचा तळ कसा दिसतो. ते म्हणाले, पालक बरा मिळत नाही. मनाशी हिशेब असा, की साखर आपोआप उतरेल आणि विषय मिटेल. पर्सचं मात्र त्यांना थांबवता येईना. नको दाखवूस म्हणावं तर ती विचारणार, का. म्हणून रोज ती उघडायची आणि रोज ते बघायचे. पहिल्यांदा झडती घेतली तेव्हा ते निदान मूर्ख होते. आता तेही कारण उरलं नव्हतं.

पुढची तपासणी आली. साखर झरझर उतरली होती. लेकीचा फोन आला. ती खुशीत होती. म्हणाली, उस्ताद, तुमची कडक नजर कामाला आली. उस्ताद हं म्हणाले. त्या हं बद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. असंच राहिलं तर डोळ्यांची चिंता नको, म्हणाल्या. मग सहज विचारलं, की नक्की काय बदललं. बायको मांडीवरच्या पर्सवर हात ठेवून बसली होती. ती खालमानेनं म्हणाली,

"मी बाहेर खात होते. आता बंद केलंय."

बाई म्हणाल्या, कबूल करायला धीर लागतो. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. उस्तादांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण दवाखान्याची फरशी चांगली मजबूत होती.

घरी येऊन दार लावल्यावर उस्तादांनी विचारलं,

"तू काही खात नव्हतीस. मग असं का म्हणालीस?"

"मग दुसरं काय म्हणू?" ती पदरानं चष्मा पुसत म्हणाली. "साखर उतरली, म्हणजे आधी काहीतरी खात असणारच. मला आठवत नाही, अहो. दुकानात काम करता करता हात जात असेल. तुम्ही सगळे म्हणताय, तर असेल."

तिच्या डोळ्यांसाठी म्हणून सुरू झालेल्या या उद्योगात तिने स्वतःच्या शब्दावरचा भरवसा घालवला होता. उस्ताद स्टुलावर चढले, माळ्यावरची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. काचेवरची रेघ अजून होती. मग त्यांनी सगळं सांगितलं. सूप, गोळे, मासा, ऑम्लेट, रेघ, आणि ती रेघ कुणाला पकडायला मारली होती तेही. सांगताना ते तिच्याकडे नाही, बरणीकडे बघत होते.

ती चिडेल, रडेल, निदान हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिने यातलं काही केलं नाही. बराच वेळ ती रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

इथे खोटं बोलायला जागा होती. काल कळलं, असं म्हणता आलं असतं. उस्तादांना ती जागा दिसली, आणि ती दिसली याचीच त्यांना पुन्हा लाज वाटली.

"दीड-दोन महिने झाले," ते म्हणाले.

"म्हणजे त्यानंतरही मी रोज पर्स उघडत होते."

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

ती उठली. फोन आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, लेकीला तुम्ही सांगा. डॉक्टरांनाही तुम्हीच सांगा. मी आता कुणाला काही सांगणार नाही. त्यांनी लेकीला फोन लावला. बायको समोर बसून ऐकत होती, म्हणून त्यांना काही वगळता आलं नाही. शेवटी लेक म्हणाली, बाबा, मी आईच्या साड्या उचकल्या होत्या. त्या दिवशी तिने उस्ताद म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको नेहमीसारखी कामावर गेली. उस्तादांनी पातळ सूप केलं, फुटलेले गोळे तसेच वाढायला ठेवले. संध्याकाळी दार वाजलं. ती आत आली, चपला काढल्या, टेबलापाशी आली. पर्स ठेवली, चाप उघडला आणि पर्स त्यांच्याकडे सरकवली.

मग तिच्या लक्षात आलं. हात तिथेच थांबला. उस्तादही बघत राहिले. उघडी पर्स दोघांच्या मध्ये पडून होती, आतली रिळं दिसत होती, आणि ती मिटायला कुणाचाच हात पुढे होईना. एखादी गोष्ट बंद झाली असं सांगितलं म्हणून हाताला ती लगेच कळत नाही, हे उस्तादांइतकं कुणाला ठाऊक असणार.

ते उठले. मसाल्याच्या कप्प्यातून लिमलेटची गोळी काढली, तिला लागलेली हळद सदऱ्याला पुसली आणि पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. ठेवताना बोटं पर्सच्या कडेला लागू नयेत, इतक्या जपून ठेवली.

बायकोनं गोळी बाहेर काढून उजेडात धरली. कागद आत चिकटला होता.

"ही आता जुनी झाली," ती म्हणाली. "उद्या नवीन आणा."

आणि तिने चाप लावला.