मुख्य दगड

दोन हजार सात साली, साहेब निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात, घरात दगड आले. मोटारीच्या डिकीतून गोणी भरून आले आणि बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रांवर पसरले गेले. जिजी मटाराचं पातेलं मांडीवर घेऊन भिंतीकडच्या खुर्चीत सरकल्या, कारण बसायला तेवढीच जागा उरली होती.

"हा मुख्य," साहेब म्हणाले. कपाळाला आठी पडल्यासारखा दिसणारा एक मोठा करडा दगड त्यांनी काचेच्या रिकाम्या टाकीत काळ्या वाळूवर टेकवला. "बाकीचे सगळे याच्याकडे झुकलेले पाहिजेत. याच्यापेक्षा उंच कोणी जायचं नाही. सगळा डौल त्यात आहे. कळतंय?"

"कळतंय," जिजी म्हणाल्या आणि शेंग सोलली. न कळण्यासारखं त्यात काय होतं? जन्म त्यातच गेला होता.

साहेब म्हणजे त्यांचे यजमान. आर्किटेक्ट होते. लोकांच्या घरातलं सामान बाहेर काढायचं आणि उरलेल्या रिकाम्या भिंतींचे फोटो काढायचे, असा त्यांचा धंदा जिजी मैत्रिणींना समजावून सांगत. जगातल्या बहुतेक गोष्टींसाठी साहेबांकडे एकच शब्द होता: बटबटीत. शेजाऱ्यांचं दार बटबटीत, व्याह्यांचा सोफा बटबटीत, सुनेने माहेरून हौसेने आणलेला चिनी मातीचा कुत्राही बटबटीत. तो कुत्रा आता कपाटात भिंतीकडे तोंड करून बसला होता. तोंडावर त्यांना 'बाबा' आणि 'अहो' असलं, तरी पाठीमागे मुलगा, सून आणि जिजी तिघंही 'साहेब'च म्हणत.

टाकीची कल्पना त्यांनी एका परदेशी मासिकातून उचलली होती. पाण्याखाली चार दगड, त्यांच्या पायथ्याशी हिरवळीसारखी बुटकी वनस्पती, आणि वर एकाच जातीच्या माशांचा एकच थवा. बाकी काही नाही. दुकानदाराने भोळेपणाने बुडबुडे सोडणारा एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या दाखवला, तेव्हा साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पाणबुड्याबरोबर दुकानदारही काउंटरखाली गेला.

तीन आठवडे दगड हलत राहिले. उजवीकडचा जरा तिरपा, डावीकडचा जरा खाली, मुख्य जागच्या जागी. मग चिमट्याने एकेक काडी लावत हिरवळ रोवली गेली. घरात कोणी जोरात चाललं तर पाणी हलतं, म्हणून सगळे पाय न वाजवता चालू लागले. तसे ते आधीही चालतच.

मासे यायच्या आदल्या दिवशी सून स्वयंपाकघरात जिजींजवळ येऊन उभी राहिली. नळ सोडून, हलक्या आवाजात बोलली.

"आई, यांनी घर बघितलंय. दोनच खोल्या आहेत, पण ऑफिसजवळ. तुम्ही बोलाल का बाबांशी?"

"आत्ता नको. मासे येताहेत."

"मागच्या वेळी म्हणालात, दगड येताहेत."

"अगं, थोडा दम धर. घर असं मोडायचं नसतं. इतकी वर्षं बांधून ठेवलंय मी."

सुनेने नळ बंद केला. जिजींना तिचा रागही आला नाही; आजकालच्या मुलींना एकोप्याची किंमत काय कळणार? जिजींना त्याचा फार अभिमान. साहेबांची बेल एकच, पण लांबलचक. ती वाजली की या घरात एकजण दार उघडे, दुसरा टीव्ही बंद करी, तिसरा उशा सरळ करी, आणि दार उघडेपर्यंत तिघंही बैठकीत एका ठिकाणी हजर असत. नाही तर जिजींच्या धाकट्या बहिणीचं घर! एक जिन्यात बसून जेवतोय, एक पलंगावर पाय भिंतीला लावून गातेय, नवरा बाल्कनीतून ओरडून विचारतोय की माझा चष्मा कुठाय, आणि कोणीच उठत नाही. जिजी तिकडून परत आल्या की म्हणत, "घर आहे की बाजार?"

मासे आले. बोटाच्या पेराएवढे, रुपेरी, तोंडाशी लाल. पहिले काही दिवस एकमेकांना चिकटून, एका अंगाने वळत, एका अंगाने थांबत असे पोहत की साहेबांनी दोन्ही हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभं राहणं सुरू केलं. कवायत बघणाऱ्या पाहुण्यासारखे.

पण मग मासे बिघडले. एक दगडाआड जाऊन बसू लागला, एक हिरवळीत तोंड खुपसून काहीतरी शोधत राही, दोघं वरच्या कोपऱ्यात उगाच गोल फिरत.

"ही काय अवकळा?" साहेब कडाडले. "दुकानदाराने रद्दी माल दिलाय."

ते काचेवर पेन्सिलने टकटक करत. लांब कात्री घेऊन कोपरापर्यंत हात आत घालत, हिरवळीचं वाढलेलं टोक छाटत, दगड केसभर सरकवत. आणि काय आश्चर्य, तेवढ्यात मासे पुन्हा एकत्र येत.

"बघितलंस?" साहेब ओला हात झटकत म्हणत. "मी आलो की बरोबर रांगेत येतात. मला ओळखतात."

जिजी रोज दुपारी त्या खुर्चीत विणत बसत. साहेब वामकुक्षीला गेले की मासे हळूहळू सुटत. एकेकाची एकेक जागा ठरलेली होती. जिजी टाकीजवळून गेल्या, खाणं टाकलं, तरी कोणी हलत नसे. फार तर एखादा वर येऊन बघून जाई. आतून चपलांचा आवाज आला की मात्र सगळे क्षणात मध्ये, अंगाला अंग लावून. जिजींच्या सुया तेव्हा थांबत.

मग एका गृहसजावटीच्या मासिकाकडून फोटोग्राफर आला. साहेबांनी सकाळपासून नवा सदरा घातला होता. निवृत्तीनंतर त्यांना विचारायला आलेला तो पहिलाच माणूस. फोटोग्राफरने दिवे लावले, कॅमेऱ्यामागे गेला आणि बराच वेळ थांबून राहिला.

"सर, मासे पसरलेत."

"माझ्यावर सोडा," म्हणत साहेब पुढे झाले. मासे लगेच मुख्य दगडासमोर गोळा झाले.

"अरे वा! सर, तुम्ही तिथेच उभे राहा. तुम्ही बाजूला झालात की पांगतात."

"ओळखतात ना मला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ झालेला जिजींनी फार वर्षांत ऐकला नव्हता, आणि तरी त्यांना साहेबांची दया आली नाही.

"आता एक घरच्यांबरोबर," फोटोग्राफर म्हणाला.

साहेबांनी नुसतं मागे वळून पाहिलं. मुलगा वर्तमानपत्र टाकून उठला. सून ओले हात पुसत आतून आली. जिजी विणकाम ठेवून उभ्या राहिल्या. तिघं साहेबांच्या मागे, खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"किती छान! लोकांना जवळ या, जवळ या, असं ओरडून सांगावं लागतं," फोटोग्राफर हसून म्हणाला. "तुम्ही न सांगता आलात."

सुनेचा दंड जिजींच्या दंडाला टेकला होता. गार होता. समोर दिव्यांच्या उजेडात टाकीच्या काचेत ते चौघं दिसत होते: पुढे एक उंच, मागे तीन झुकलेले. त्यांच्या पायाशी मासे एकमेकांना चिकटून थरथरत होते. जिजींना एकदम धाकट्या बहिणीचं घर आठवलं. जिन्यातला तो आणि त्याचं ताट.

संध्याकाळी सून दिवे लावत होती. जिजींनी तिला विचारलं, "ते घर अजून आहे का गं?"

"आहे, आई. पण बाबा..."

"एक तारखेला जा. बाबांचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कात्री घेऊन टाकीशी बसलेले असताना जिजींनी एका वाक्यात सांगून टाकलं. साहेबांचा हात पाण्यातच राहिला.

"इथे काय कमी आहे त्याला?"

"काही नाही."

"मग? हे मुके जीव मला ओळखतात, आणि पोटचा मुलगा..."

"तोही ओळखतो हो तुम्हाला," जिजी म्हणाल्या आणि चहा ओतायला आत गेल्या.

साहेब त्यानंतर सहा वर्षं होते. तो फोटो मासिकात पानभर छापून आला. साहेबांनी तो चौकटीत घालून टाकीच्या वर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकोप्याबद्दल सांगत राहिले. जिजी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिल्या, वेळेवर औषधं दिली, आणि मासे का गोळा होत ते त्यांना कधीच सांगितलं नाही. तेवढ्या योग्यतेचे साहेब आहेत असं जिजींना वाटलं नाही. फोटोग्राफर आता लग्नांचे फोटो काढतो आणि जवळ या, जवळ या, म्हणून ओरडतो. दुकानदाराने दुकान बदललं. मोबाइलची कव्हरं विकतो.

साहेब गेल्यावर मुलगा आणि सून परत राहायला आले. मुख्य दगड जिजींनी काढून गच्चीचं दार आपटू नये म्हणून त्याला लावला; त्या जागी चिनी मातीचा कुत्रा पाण्याखाली बसला आहे. जुन्या माशांपैकी शेवटचा त्याच्या कानामागे झोपत असे. आता दुसरे आहेत, तेही वाटेल तिकडे असतात. आणि दारावरची बेल वाजली की मुलगा गच्चीतून, सून न्हाणीघरातून आणि जिजी पलंगावरून, भिंतीला टेकवलेले पाय न काढता, ओरडतात, "कोणीतरी बघा रे!"

आणि बराच वेळ कोणीच उठत नाही.