पाटकर कंडक्टरचा आवाज

"आवाज नेमका कधी गेला, काका?"

मृणालने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. पाटकरांनी टोपण काढलं आणि तिथेच अडकले. कल्याणच्या त्या छोट्या दवाखान्यात स्पीच थेरपिस्टसमोर बसलेले सहदेव पाटकर म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. एकतीस वर्षं कल्याण-मुरबाड. गाडी खच्चून भरलेली असली तरी मागच्या टोकाला उभे राहून "पुढे सरका!" म्हणाले की ड्रायव्हरसुद्धा दचकायचा. आता त्याच गळ्यातून नुसती हवा येत होती.

प्रश्न सोपा होता, पण उत्तर त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी आंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये, जिन्यात शेजारच्या सुदेशने विचारलं, "काका, पाणी आलं का तुमच्याकडे?" तेव्हा कळलं की आवाज नाही. पण गेला कधी? आदल्या शुक्रवारी किराणावाल्याला "पाव किलो रवा" म्हटलं होतं, ते नक्की. त्यानंतर तीन दिवस बोलायची वेळच आली नव्हती. मुलगी रसिका बंगळूरला. ती मेसेजमध्ये विचारते "जेवलात?", हे अंगठा पाठवतात. अंगठ्याला आवाज लागत नाही.

तीन दिवस आपण जिवंत माणसाशी एक शब्द बोललो नाही, हे लिहायची पाटकरांना लाज वाटली. भयंकर लाज वाटली. त्यांनी लिहिलं, 'मंगळवारी सकाळी. आदल्या रात्री बायकोशी बोललो होतो.'

नंदाला जाऊन चौदा महिने झाले होते.

मृणालने फाइल चाळली. घशात दुर्बीण घालून झाली होती, स्कॅन झालं होतं, रक्त तपासून झालं होतं. सगळं नॉर्मल. आधीच्या डॉक्टरांनी फाइल मिटत सांगितलं होतं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." मग बोलता का येत नाही, हे विचारायला पाटकरांकडे आवाज नव्हता. असता तर त्या डॉक्टरला त्यांनी घंटी मारून स्टॉपच्या अलीकडेच उतरवलं असतं. सुदेशने ज्येष्ठमध आणून दिला, त्याच्या आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि रिपोर्ट कळल्यावर सुदेशच म्हणाला, "काका, मनातलं असतं ओ सगळं. टेन्शन नका घेऊ." म्हणजे हे सोंग, असंच ना? आणि हे सोंग सुटलंच नाही तर? उद्या मोरीत पाय घसरून पडलो तर हाक कशी मारणार? या भीतीने पाटकर हल्ली आंघोळीलाही कडी लावत नव्हते.

"खोका बघू एकदा," मृणाल म्हणाली.

पाटकर खोकले. खोकला दणदणीत आला.

"ऐकलंत? हा आवाज तुमचाच आहे. म्हणजे गळा चांगलाय. बोलायला गेलं की ताळमेळ सुटतो. सोंग नाहीये हे, काका. असं होतं माणसांना. का होतं, ते दरवेळी कळतंच असं नाही. पण आवाज परत आणता येतो."

पाटकरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन आठवड्यांत त्यांना खरं मानणारं हे पहिलंच माणूस.

मग तासभर नुसती खटपट. खोकायचं, खोकल्याला जोडून "हं" म्हणायचं, "हं" लांबवत ओठ मिटायचे. मिटल्या ओठांनी आवाज घुमायचा. पण "नाव सांगा" म्हटलं की पुन्हा फुस्स. पाटकर घामाघूम झाले.

"लाइन कुठली होती तुमची?" मृणालने फाइल बाजूला ठेवली. "मुरबाड ना? नाव राहू द्या. स्टॉप ओरडा. विचार नका करू, खोका आणि त्याच झोकात म्हणा."

पाटकर उठून उभे राहिले. वरची दांडी धरावी तसा एक हात आपोआप वर गेला. ते खोकले, घुमले, आणि ओठ उघडले.

"म्म... म्म... म्हारळ!"

मृणालने हातानेच 'पुढे, पुढे' अशी खूण केली.

"वरप! कांबा! रायता! गोवेली!"

बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. मृणालने चक्क टाळ्या वाजवल्या. पाटकर हसत होते आणि रडत होते, आणि दोन्हींना आवाज होता.

"आता गप्प बसायचं नाही," ती म्हणाली. "रोज अर्धा तास मोठ्याने बोलायचं. काकूंना समोर बसवा. पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या, मी शिकवते त्यांना."

पाटकरांना मान हलवता आली असती. तीन आठवडे त्यांनी दुसरं केलं काय होतं? पण इतक्या दिवसांनी आलेला आवाज खोट्यासाठी वापरायला जीभ वळेना.

"मिसेस वारली माझी," ते म्हणाले. "मागच्या वर्षी. मी खोटं लिहिलं मघाशी."

त्यांना हळू बोलायचं होतं. पण हळू बोलणं एकतीस वर्षांत कधी जमलं नव्हतं, ते आत्ता कुठून जमणार?

"घरी कोणी नाही बोलायला."

बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. मृणाल उठली, तिने दार लावून घेतलं आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसली. पुढच्या पेशंटची वेळ झाली होती, पण तिने त्याला बोलावलं नाही.