बाकी एक

दादा पोहायला निघाला तेव्हा बाबांच्या वहीत एक संख्या खरडून गेला : ६,३१,२४,०१३. "हिला कशाने भाग जातो ते शोधा, बाबा. सापडलं की मला हाक मारा."

नदीने त्याला परत दिलंच नाही. बाबा मात्र त्या संख्येला रोज एका मूळ संख्येने भागत बसले, अठरा वर्षं. जेवायला बोलावलं की खेकसायचे, "बाकी उरतेय अजून!"

बाबा गेल्यावर मी वह्या चाळल्या. तिसऱ्या वर्षी ते ७,०१३ पाशी पोचले होते. बाकी एक. दुसऱ्या दिवशी पुन्हा ७,०१३. बाकी एक. पुढची पंधरा वर्षं सगळी पानं तीच. माझं डोकंच फिरलं. एक बाकी चुकली म्हणून आम्हाला उन्हात उभं करणारा हा गणिताचा मास्तर! मी शेवटच्या पानावर स्वतः भागाकार केला. बाकी शून्य आली.

आतल्या खोलीत दादाची खाट अजून अंथरलेलीच होती. हाक माझ्या ओठांवर आली. ओ आली नाही तर? आणि आली तर?

मी शून्य खोडलं आणि एक लिहिला.