हिरवा दिवा

शुभाने पेनाच्या टोपणाने हिरव्या दिव्यावर दोनदा टकटक केलं. दिवा चिकटला वगैरे नव्हता. त्याच्या आजूबाजूचे घाटकोपरचे सगळे दिवे लाल झाले होते. हा एकटाच हिरवा.

"सर, घाटकोपरची वीज गेलीय. तिथली सगळी सर्किटं पडली, मग बँकेचंच कसं चालू?"

"बँकेचं चालू," कारखानीस म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये गेले.

अंधेरीच्या त्या केंद्राचे ते प्रमुख. समोरच्याचं वाक्य शेवटाकडून उचलायचं आणि त्यालाच परत द्यायचं, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे उभ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही चुकीचं उत्तर नव्हतं.

केंद्राचं काम संगणकांना एकमेकांशी बोलू देण्याचं. सत्त्याऐंशी साली ही मोठी नवलाई होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी तार दिलेली नव्हती. एका नळावर पाच बिऱ्हाडं पाणी भरतात तसं एकाच तारेवरून सगळ्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी जाई, आणि प्रत्येकाला वाटे, तार आपलीच. अशा भासमान तारेला सरकारी मराठीत 'आभासी परिपथ' म्हणत. म्हणजे कागदावर म्हणत. तोंडाने सगळे सर्किटच म्हणत. डोळ्यांना न दिसणारी वस्तू जिवंत आहे की नाही, हे सारखं विचारत राहावं लागतं. म्हणून अंधेरीचं यंत्र चार अक्षरं पाठवी आणि पलीकडच्या यंत्राने तीच चार अक्षरं परत धाडायची. आली की हिरवा, नाही आली की लाल.

"पण वीज नसताना परत धाडतंय कोण?" शुभाने शेजारच्या जयवंतला विचारलं.

"तुला काय करायचंय गं? उद्या दिल्लीची माणसं येणार. साहेब त्यांना हेच सर्किट दाखवणार, एकदाही न पडलेलं. आणि तुझी कायम व्हायची फाईल साहेबांच्या टेबलावर आहे. लाल दिवे काय कमी आहेत इथे, म्हणून हिरव्याच्या मागे लागलीस?"

शुभाने अर्धी रजा टाकली आणि बसने घाटकोपर गाठलं.

बँकेत तोवर वीज आली होती. संगणक कोपऱ्यात होता, क्रोशाच्या रुमालाखाली. उद्घाटनाचं कुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं. वरचा पानाचा डबा हेडक्लार्क द्रौपदी पेडणेकरांनी लगबगीने उचलला.

"बाय माझे, कोणीतरी आलं एकदाचं! पहिल्या दिवसापासून पडदा काळा. तुमच्या साहेबांना फोन केला की म्हणतात, इथे हिरवा आहे. मी म्हणते, इथे काळा आहे. ते म्हणतात, काळा आहे. मग ठेवतात फोन! आमचे शिपाई लवूमामा रोज सगळे हिशेब पिशवीत घालून बसने हेड ऑफिसला नेतात."

"मशीन बसवायला कोण आलं होतं?"

"तुमचे साहेबच की. पेढे खाऊन गेले."

भिंतीवर तारांची पेटी होती. शुभाने झाकणाचे स्क्रू काढले. बाहेरून दोन जोड्या आत येत होत्या: एक अंधेरीकडून बोलणं आणणारी, एक अंधेरीकडे नेणारी. त्या मशीनला जोडलेल्याच नव्हत्या. पिवळ्या तारेच्या दोन तुकड्यांनी त्या एकमेकींना बांधल्या होत्या. अंधेरीहून जे येई, ते पेटीतूनच माघारी वळे. त्याला वीज लागत नव्हती. बँकही लागत नव्हती.

केंद्रात पिवळी तार एकाच माणसाकडे असे. चाचणीपुरती तो ती वापरी आणि कुणाला हात लावू देत नसे.

शुभाचा हात पेटीत गेला, परत आला. तिने तो पदराला पुसला.

"परवा काढली तर चालेल का हो?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? चालेल की. लवूमामा आहेतच," पेडणेकरबाई म्हणाल्या. खुर्चीत बसलेल्या लवूमामांनी मांडीवरची पिशवी जरा सरळ केली.

शुभाने तार उपसली. मग बँकेच्या फोनवरून अंधेरीला फोन लावला. जयवंतने उचलला.

"काय केलंस तू? लाल झाला! वाट लागली! साहेब इथेच उभे आहेत."

"त्यांना दे."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"सर, शुभा बोलतेय. इथे पेटीत पिवळी तार निघाली. बँक कधी जोडलीच नव्हती. आपलीच अक्षरं आपल्याला परत मिळत होती."

पलीकडे काहीच नाही. पंख्याची घरघरसुद्धा नाही. शुभाने फोन कानावर घट्ट दाबला.

"सर? आहात ना?"

पेडणेकरबाईंनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

"माझी आहे ती," कारखानीस म्हणाले. "चाचणीला लावली होती. काढायची राहिली."

शुभाने तारेचे तुकडे बोटाभोवती गुंडाळायला घेतले.

"काय म्हणतात?" बाईंनी हळूच विचारलं. "लाल आहे, म्हणतात?"

"नाही," शुभा फोनवर हात ठेवून म्हणाली. "उत्तर आलं."