राज्यपालांची पहिली केस

श्यामकांत साहेबांनी घाटकोपरला वकिलीची पाटी लावली, तेव्हापासून मी, माणिक, त्यांचा कारकून. साहेब आमदार झाले, मंत्री झाले आणि आता गुरुवारी परराज्यात राज्यपालपदाची शपथ घेणार होते. ऑफिसात हारतुऱ्यांमुळे बसायला जागा नव्हती. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. त्याच गुरुवारी नंदाबाईंच्या खोलीची अखेरची सुनावणी होती.

नंदाबाई ही साहेबांची पहिली केस. गिरणी बंद पडली, पाठोपाठ नवरा गेला, आणि घरमालक खोली खाली करा म्हणाला. साहेबांनी स्टे मिळवला. पेपरात फोटो आला आणि त्या फोटोवर पहिली निवडणूक निघाली. अजूनही प्रत्येक भाषणात ते सांगतात, "मी एका विधवेचं घर वाचवलं." वाचवलं कसलं डोंबल! सव्वीस वर्षं नुसता स्टे चालू आहे. बाई शहात्तरच्या झाल्या. भेटल्या की एकच म्हणतात, "मी मरायच्या आधी निकाल लागूंदे रे, माणिक."

साहेबांच्या हाताखालच्या वकील अक्षता मॅडम कोर्टात त्यांच्या जागी उभ्या राहायला तयार होत्या. त्यांच्या वकीलपत्रावर साहेबांची 'हरकत नाही' अशी सही हवी होती, एवढंच. बुधवारी सकाळी मी मुलुंडला घरी गेलो. साहेब आरशासमोर नवा बंदगळा घालून बघत होते.

"उद्या केस हरली तर?" कागद वाचून ते म्हणाले. "शपथ घेतल्या घेतल्या पेपरवाले माझी वाट लावतील. तारीख घे."

"साहेब, बाई थकल्यात हो."

"पाच वर्षं ढकल रे कशीतरी." त्यांनी सही केली ती तारीख वाढवून मागायच्या अर्जावर. वर मला पेढा दिला. मी तो खाल्लासुद्धा. स्वतःची लाज वाटली, पण खाल्ला.

गुरुवारी कोर्टात अक्षता मॅडम सहीवाचून मागच्या बाकावर बसून राहिल्या. अर्ज माझ्या हातात घामाने ओला झाला होता.

"ह्यो कसलो कागद?" नंदाबाईंनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "हा दिला की पुढची तारीख मिळेल. नाही दिला, तर आज तुमच्या बाजूने बोलायला कोणी नाही."

बाईंनी माझ्या हातातून अर्ज काढून घेतला, घडी घातली आणि पानाच्या चंचीत कोंबला. हरल्या तर खोली जाणार होती, आणि खोलीशिवाय त्यांना जगात काही नव्हतं. तेवढ्यात पुकारा झाला. कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या.

"तुमचे वकील कुठे आहेत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझो वकील राज्यपाल झालो, साहेब," नंदाबाई म्हणाल्या. "आता मीच बोलतंय."